स्कॉटलंडच्या जुन्या जनगणनेत शेतकऱ्याचं घर कसं शोधावं आणि कसं वाचावं

माझ्या सासूबाईंचं माहेर स्कॉटलंडच्या ईशान्येला, अबर्डीनशरमध्ये. त्यांच्याकडे घराण्याचं एक जुनं बायबल आहे. त्याच्या पहिल्या कोऱ्या पानावर मुलांची नावं, जन्मतारखा आणि वरच्या कोपऱ्यात एका शेताचं नाव लिहिलेलं आहे. आडनाव त्या भागात इतकं सर्रास आढळतं की नुसतं नाव घालून शोधलं तर माणसांची रांगच समोर येते. मी कित्येक महिने भलत्याच माणसाचा संसार जुळवत बसले होते. मग कोपऱ्यातलं ते शेताचं नाव धरून शोधायला लागले आणि तीन संध्याकाळींत खरं घर सापडलं. तेव्हापासून नव्यानं सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते, की माणसाच्या नावानं शोध सुरू करा, पण खात्री शेताच्या नावानं करा.

तिथली रीतही तशीच होती. शेतकऱ्याला लोक त्याच्या शेताच्या नावानं हाक मारत. आपल्याकडे गावावरून आडनाव पडतं, तसं तिथे शेतावरून माणूस ओळखला जाई. फरक इतकाच की शेत सोडलं की ते नावही मागे राही आणि पुढच्या कुळाला मिळे.

हा लेख स्कॉटिश घरात लग्न करून गेलेल्या, तिथे शिकणाऱ्या, किंवा मुलांच्या शाळेतल्या वंशवृक्षासाठी पहिल्यांदाच ही कागदपत्रं उघडणाऱ्या मराठी माणसांसाठी आहे. इंग्लंडच्या नोंदींबद्दल वाचलेलं इथे जसंच्या तसं लागू पडत नाही. स्कॉटलंडचा कायदा वेगळा, चर्च वेगळं आणि दप्तरंही वेगळी.

आधी जनगणना उघडू नका

आधी एक मृत्यूचा दाखला मिळवा. स्कॉटलंडमध्ये जन्म, लग्न आणि मृत्यूची सरकारी नोंदणी १ जानेवारी १८५५ रोजी सुरू झाली. तिथल्या मृत्यूच्या नोंदीत मयताच्या आईवडिलांची नावं असतात आणि आईचं माहेरचं आडनावही असतं. म्हणजे १८६० मध्ये ऐंशीव्या वर्षी वारलेल्या आजोबांच्या एका कागदावर अठराव्या शतकातलं जोडपं हाती लागू शकतं. माहिती सांगणारा मुलगा किंवा जावई असतो, त्यामुळे चूक होऊ शकते, तरी सुरुवातीला याहून चांगला आधार नाही. १८५५ या पहिल्याच वर्षातला जन्मदाखला तुमच्या घराण्यात असेल तर तो आधी पाहा. त्या वर्षी आईवडिलांची वयं, जन्मस्थानं, त्यांचं लग्न कुठे आणि कधी झालं, आधीची मुलं किती, असं सगळं विचारलं होतं. कारकुनांना ते झेपेना, म्हणून पुढच्या वर्षी रकाने कमी केले.

१८५५ च्या आधी चर्चच्या पॅरिश नोंदवह्या आहेत. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग. त्यात बाप्तिस्मे आणि लग्नं मिळतात, पण बरीच कुटुंबं सुटलेली असतात. १८४३ मध्ये स्कॉटलंडचं चर्च फुटलं आणि बाहेर पडलेल्यांची मुलं गावच्या जुन्या वहीत पुष्कळदा सापडत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

कोणत्या वर्षापासून सुरुवात करावी

स्कॉटलंडमध्ये दर दहा वर्षांची जनगणना १८०१ पासून झाली, पण माणसांची नावं सरसकट मिळतात ती १८४१ पासून. घरोघर वाटलेले मूळ तक्ते नष्ट झाले. आज दिसतात त्या प्रगणकानं नकलून काढलेल्या वह्या. हा प्रगणक बऱ्याचदा गावचा शाळामास्तर असे. तो तक्ते आधी वाटून येई, ठरलेल्या रविवारच्या रात्री घरात कोण झोपलं हे लोकांनी भरायचं, सोमवारी तो ते गोळा करी आणि मग वहीत उतरवी. घरात लिहिता येणारं कोणी नसेल तर तोच विचारून लिही. म्हणून स्पेलिंग कुटुंबाचं नसतं, मास्तरांचं असतं.

सुरुवात १८८१ पासून करा आणि एकेक दशक मागे जा. १८८१ ची सूची स्वयंसेवकांनी चांगली तयार केलेली आहे, आणि उलट्या दिशेनं जाताना प्रत्येक वेळी हातात काहीतरी पक्कं असतं. मूळ पानांच्या प्रतिमा स्कॉटलंड्‌सपीपल या सरकारी संकेतस्थळावर मिळतात. तिथे शोध फुकट असतो, पान उघडायला क्रेडिट विकत घ्यावे लागतात. फ्रीसेन या स्वयंसेवकांच्या संकेतस्थळावर काही काउंटींच्या, म्हणजे जिल्ह्यांच्या, नोंदी उतरवून फुकट ठेवल्या आहेत. तुमची काउंटी तिथे असेल तर आधी तिथे घर शोधा आणि मगच प्रतिमेवर पैसे खर्च करा. पण प्रतिमा पाहाच. उतरवलेल्या नोंदीत शेताचं नाव हमखास बिघडतं.

काउंटींची नावं तेव्हा वेगळी होती. आजचं अँगस तेव्हा फॉरफरशर, ईस्ट लोदियन म्हणजे हॅडिंग्टनशर, आणि मोरे म्हणजे एल्गिनशर. नवीन माणूस इथेच अर्धा दिवस घालवतो.

शोधताना तक्ता पूर्ण भरू नका. नाव, अंदाजे वय आणि पॅरिश एवढं पुरे. आडनावात मॅक असेल तर ते दोन-तीन प्रकारे लिहून पाहा. पहिल्या नावांच्या जोड्या पाठ करून ठेवा. जेसी ही जॅनेट असू शकते, जीन आणि जेन एकच असू शकतात, एल्स्पेथ पुढच्या जनगणनेत एलिझाबेथ होते, पॅट्रिकचा पीटर होतो, डोनाल्डचा डॅनियल. गेलिक ही स्कॉटलंडची जुनी भाषा बोलणाऱ्या भागात तर मास्तर मूळ नाव बाजूला ठेवून त्याच्या जवळचं कुठलंतरी इंग्रजी नाव घालत. ऑयरिग नावाची बाई कागदावर युफेमिया किंवा एफी म्हणून सापडते.

आणि बायकांची आडनावं. स्कॉटलंडमध्ये लग्नानंतरही बाईचं माहेरचं आडनाव कायद्यानं तिचंच राही. विशेषतः १८४१ आणि १८५१ मध्ये शेतकऱ्याची बायको किंवा विधवा आई माहेरच्या आडनावानं लिहिलेली आढळते. नवख्याला वाटतं ही कोणी परकी बाई असेल. तीच बहुधा घरची मालकीण असते.

वर्षागणिक रकाने बदलतात

१८४१ ची मोजणी ६ जूनच्या रात्रीची. त्यात नातं लिहिलेलंच नाही. पंधरा वर्षांवरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणायची सूचना होती, म्हणजे ३४ वर्षांचा माणूस ३० चा दिसतो. ही सूचना सगळ्यांनी पाळली असंही नाही. जन्म याच काउंटीत झाला का, याचं हो-नाही, आणि इंग्लंड, आयर्लंड किंवा परदेशात झाला असेल तर तेवढी खूण. त्यामुळे १८४१ मध्ये एका घरात चाळिशीचा पुरुष, पस्तिशीची बाई आणि पाच मुलं दिसली तरी ते नवरा-बायको आहेत असं धरून चालू नका. भाऊ-बहीण असतील, विधुर आणि त्याची मेहुणी असेल.

१८५१ पासून खरी मजा सुरू होते. कुटुंबप्रमुखाशी नातं, लग्न झालं आहे की नाही, नेमकं वय, धंदा, जन्माची पॅरिश आणि काउंटी हे सगळं त्यात येतं. शेतकऱ्यापुढे किती एकर जमीन आणि किती माणसं कामाला, तेही लिहिलेलं असतं. १८६१ मध्ये स्कॉटलंडची जनगणना पहिल्यांदा एडिंबरामधून चालवली गेली आणि त्यात दोन सुंदर रकाने आले. पाच ते पंधरा वयाची किती मुलं शाळेत जातात, आणि घरात खिडकी असलेल्या खोल्या किती. १८८१ मध्ये गेलिक भाषेचा प्रश्न आला. १८९१ मध्ये नुसती गेलिक की गेलिक आणि इंग्रजी दोन्ही, असा भेद केला गेला.

खिडक्यांचा रकाना कधीही सोडू नका. १८६१ मध्ये नव्वद एकरांच्या शेतकऱ्याला पाच खोल्या आणि त्याच पानावर खाली त्याच्याच गड्याच्या सात माणसांना एक खोली असं दिसतं, तेव्हा त्या शेताचा सगळा समाज एका नजरेत समोर उभा राहतो.

एक घर ओळीओळीनं वाचू या

समजावून सांगण्यासाठी मी १८६१ चं एक घर मनानं रचते. अशा ओळी तुम्हाला पानोपानी भेटतील. प्रमुख, वय ५४, नव्वद एकरांचा शेतकरी, एक माणूस आणि एक पोरगा कामाला. बायको, ४९. मुलगी, २४, अविवाहित. मुलगा, १९. नातू, ३. नांगऱ्या, २२, नोकर. गुरांमागचा पोरगा, १५, नोकर. मोलकरीण, १७. आणि शेवटी आठ वर्षांचा एक मुलगा, नात्याच्या रकान्यात 'बोर्डर', जन्म ग्लासगो.

पहिली ओळ. 'नव्वद एकरांचा शेतकरी' म्हणजे नव्वद एकरांचा मालक असं समजू नका. बहुतेक स्कॉटिश शेतकरी कूळच होते. जमीन मोठ्या जमीनदाराची आणि भाडेपट्टा बहुधा १९ वर्षांचा. हा १९ चा आकडा फार उपयोगी आहे. एखादं कुटुंब १८५१ आणि १८६१ मध्ये त्याच शेतावर आहे आणि १८७१ मध्ये गायब आहे, तर कोणी वारलं असेल असं मानण्याआधी पट्टा संपला असेल का, हे पाहा.

मुलगा १९ वर्षांचा आहे आणि धंद्याच्या जागी 'शेतकऱ्याचा मुलगा' असं लिहिलंय. मुलीपुढे 'शेतकऱ्याची मुलगी', बायकोपुढे 'शेतकऱ्याची बायको'. हे रिकामपण नाही. दूध, लोणी, कोंबड्या, गड्यांचं जेवण, कापणीच्या दिवसांतलं शेतातलं काम, हे सगळं त्या दोन शब्दांत दडलंय. 'एक माणूस आणि एक पोरगा कामाला' या हिशेबात त्या बायका मोजलेल्या नसतात. नवरा वारला की पुढच्या दशकात तीच बाई प्रमुख म्हणून येते आणि तिच्यापुढे 'शेतकरी' असं लिहिलेलं असतं. अशी ओळ दिसली की मी थोडी थांबतेच. तिनं तो पट्टा चालवला, गडी ठेवले, खंड भरला.

तीन वर्षांचा नातू. नातं नेहमी कुटुंबप्रमुखाशी लिहिलेलं असतं, त्यामुळे ही २४ वर्षांची मुलगीच त्याची आई असं ठरत नाही. त्याची आई दुसऱ्या शेतावर मोलकरीण म्हणून असू शकते आणि मूल आजीकडे ठेवलेलं असू शकतं. लग्नाबाहेरचे जन्म ईशान्य स्कॉटलंडमध्ये त्या काळी पुष्कळ होते आणि आजीआजोबांनी ती मुलं वाढवणं ही रूढ गोष्ट होती. अशा मुलाच्या बापाचं नाव हवं असेल तर जन्मदाखल्याबरोबर चर्चच्या पंचांची, म्हणजे कर्क सेशनची, इतिवृत्तं पाहा. तिथे आईला बोलावून बापाचं नाव विचारलेलं असे. ही पानं वाचताना जीव कासावीस होतो. एकट्या मुलीला गावातल्या वडीलधाऱ्या पुरुषांपुढे उभं केलेलं असतं. वंशवृक्षात ते नाव भरताना तिचीही एक ओळ लिहून ठेवा.

आता नोकर. इथे मराठी माणसाला काही शिकवावं लागत नाही, कारण आपल्याला सालगडी माहीत आहे. पाडव्याला सालगडी ठरतो, तशा तिथे दोन तिथी होत्या. व्हिटसन १५ मे, मार्टिनमस ११ नोव्हेंबर. त्या सुमारास गावोगावी गड्यांचे बाजार भरत, शेतकरी आणि गडी समोरासमोर बोलून मजुरी ठरवत. ईशान्येला अविवाहित गडी सहा महिन्यांसाठी ठरे, लग्न झालेला बहुधा वर्षासाठी. मजुरीचा मोठा भाग ओटचं पीठ, बटाटे, दूध अशा जिनसांत मिळे. यावरून एक बारकावा निघतो. १८५१ पासूनच्या जनगणना मार्चच्या अखेरीस किंवा एप्रिलच्या सुरुवातीला झाल्या, म्हणजे पानावर दिसतो तो मार्टिनमसला आलेला गडी. १८४१ ची मात्र जूनमध्ये, व्हिटसनची अदलाबदल नुकतीच झाल्यावर. तुमचा पूर्वज १८४१ मध्ये ज्या शेतावर दिसतो तिथे तो जेमतेम तीन आठवड्यांपूर्वी आलेला असू शकतो.

गडी कुठे झोपत, तेही भागाप्रमाणे बदलतं आणि नोंदीत उमटतं. अबर्डीनशरमध्ये ते मालकाच्या स्वयंपाकघरात जेवत आणि तबेल्याजवळच्या 'चॉमर' नावाच्या खोलीत झोपत, म्हणून बऱ्याचदा मालकाच्याच घरात लिहिलेले सापडतात. अँगस आणि पर्थशरच्या पट्ट्यात 'बॉदी' असे. गड्यांची वेगळी खोली, स्वयंपाक त्यांचा त्यांनीच करायचा. तिथे चार-पाच तरुण स्वतंत्र घर म्हणून लिहिलेले दिसतात, कुटुंब कुठलंच नाही. आग्नेयेला, बेरिकशर आणि ईस्ट लोदियनमध्ये, विवाहित गड्याला 'हाइंड' म्हणत. त्याला राहायला घर मिळे, पण बदल्यात शेतकामासाठी एक बाई पुरवण्याची अट असे. ती 'बाँडेजर'. हाइंडच्या घरात नातं नसलेली, शेतमजूर म्हणून लिहिलेली तरुण मुलगी दिसली तर ती बहुधा हीच. घरातलीच मोठी मुलगीही ते काम करी. 'ग्रीव्ह' म्हणजे मुकादम. 'ऑरामन' म्हणजे वरकड कामाचा गडी.

शेवटचा तो आठ वर्षांचा ग्लासगोचा मुलगा. त्याला पेइंग गेस्ट समजू नका. १८४५ च्या गरीब कायद्यानंतर मोठ्या शहरांतल्या पॅरिश मंडळांनी अनाथ आणि निराधार मुलं खेड्यांतल्या घरांकडे पैसे देऊन सांभाळायला पाठवली. लहान शेतकरी आणि क्रॉफ्टर, म्हणजे जमिनीचा लहानसा तुकडा कसणारी कुळं, यांच्या घरांत अशी मुलं वारंवार दिसतात. पैसे मिळत, कामाला हातही मिळे. कोणाला माया मिळाली, कोणाला नाही, ते या पानावरून कळत नाही. पुढच्या जनगणनेत तोच मुलगा त्याच घरी नोकर म्हणून सापडतो का, हे मात्र नक्की शोधा.

मुलांच्या जन्मगावांवरून वाट काढा

गड्याच्या घराचा माग काढायची सगळ्यात चांगली युक्ती ही आहे. हाइंडची पाच मुलं असतील आणि त्यांची जन्मस्थानं चार वेगवेगळ्या पॅरिशमधली असतील, तर वयं उलटी मोजून कागदावर मांडा. बाप कोणत्या वर्षी कोणत्या पॅरिशमध्ये होता त्याची साखळीच तयार होते. जनगणना दहा वर्षांतून एकदाच दार ठोठावते, मधली वर्षं मुलांचे जन्म भरून काढतात.

नावांची परंपराही मदत करते. थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं. थोरल्या मुलीला आईच्या आईचं, दुसरीला वडिलांच्या आईचं. नियम म्हणून नाही, पण अंदाज बांधायला हे पुष्कळदा बरोबर निघतं. मूल दगावलं तर तेच नाव पुढच्या मुलाला देत, म्हणून एकाच घरात त्याच नावाचे दोन जन्म सापडले तर गोंधळू नका.

वयं दर दहा वर्षांनी नेमकी दहानं वाढत नाहीत. सात, बारा, नऊ असं होत राहतं. दोन-तीन वर्षांचा फरक सोडून द्या. जन्मपॅरिश बदलत असेल तर मात्र दोन्ही पॅरिश तपासा.

आता शेताकडे

घर सापडलं की शेताचं नाव वहीत मोठ्या अक्षरांत लिहा आणि माणसं थोडा वेळ बाजूला ठेवा. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर एकोणिसाव्या शतकातले ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी मोजणी खात्याचे नकाशे फुकट आहेत. मैलाला सहा इंच प्रमाणाच्या नकाशावर एकेक शेत नावानिशी दिसतं, गोठ्याचा चौकसुद्धा ओळखू येतो. नावांची घडण समजून घ्या. 'मेन्स' म्हणजे जमीनदाराच्या वाड्याजवळचं मुख्य शेत. 'ओव्हर' वरचं, 'नेदर' खालचं. 'मिकल' आणि 'लिटल' म्हणजे अगदी आपलं बुद्रुक आणि खुर्द. एकाच नावाची अशी दोन शेतं शेजारीशेजारी असतात आणि चूक इथेच होते. माझ्या हातून झालेली चूक नेमकी हीच होती. नेदरच्या माणसाला मी ओव्हरचा समजत होते.

मग मूल्यांकन यादी पाहा. १८५४ च्या कायद्यानं १८५५ पासून दरवर्षी प्रत्येक मालमत्तेचा मालक, कूळ, प्रत्यक्ष राहणारा आणि वार्षिक खंड यांची यादी होऊ लागली. आपल्या सातबाऱ्यावर जशी खातेदाराची आणि कुळाची नावं शोधतो, तशीच ही शोधायची. सरकारी संकेतस्थळावर दहा-दहा वर्षांच्या अंतरानं काही याद्या आहेत आणि त्या जागेच्या नावावरूनही शोधता येतात. चार पौंडांहून कमी वार्षिक भाडं भरणाऱ्यांची नावं देण्याचं बंधन नव्हतं, म्हणून गड्यांची झोपडी तिथे सापडेलच असं नाही. शेतकऱ्याचं नाव मात्र मिळतं, आणि कोणत्या वर्षापासून शेत दुसऱ्याकडे गेलं तेही कळतं.

जनगणनेच्या प्रतिमेवर आधीचं आणि नंतरचं पानही उघडा. क्रेडिट जातात, पण वसूल होतात. पानावरच्या छोट्या तिरप्या रेघा बघा. एक रेघ म्हणजे त्याच इमारतीतलं दुसरं बिऱ्हाड, दोन रेघा म्हणजे इमारत संपली. शेजारच्या शेतावर बायकोचं माहेर निघतं, पुढच्या शेतावर धाकटा भाऊ गडी म्हणून असतो. लग्नं त्याच पॅरिशमध्ये, नाहीतर शेजारच्या पॅरिशमध्ये होत. वही वाचता वाचता सोयरिकी दिसायला लागतात.

माणूस सापडतच नाही तेव्हा

थोरला मुलगा कुठेच दिसत नसेल तर तो देशाबाहेर गेला असण्याची शक्यता मोठी. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आणि हिंदुस्तान. मुंबईतल्या विल्सन कॉलेजचे संस्थापक डॉ. जॉन विल्सन हे बेरिकशरमधल्या लॉडरचे, शेतकरी घराण्यातले. १८४१ च्या जनगणनेत ते स्कॉटलंडमध्ये शोधून सापडायचे नाहीत, कारण १८२९ मध्येच ते मुंबईला पोचले होते. उलटही होतं. स्कॉटलंडच्या खेड्यात जन्मस्थानाच्या रकान्यात 'ईस्ट इंडीज' असं लिहिलेलं माणूस भेटतं, बहुधा शिपायाचं नाहीतर अधिकाऱ्याचं मूल. अशांचे बाप्तिस्मे आणि आईवडिलांची लग्नं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरात, मुंबई इलाख्याच्या वह्यांमध्ये शोधावीत.

काही वह्या आज उपलब्धच नाहीत. फाइफमधल्या काही पॅरिशच्या १८४१ च्या वह्या गेल्या. तुमचं कुटुंब त्यातलं असेल तर १८५१ वरून मागे थेट चर्चच्या नोंदींवर उडी घ्या.

प्रत्येक पान उघडताच चार गोष्टी टिपा. वर्ष, पॅरिशचा क्रमांक, प्रगणन विभागाचा क्रमांक आणि पानाचा क्रमांक. मग घरातली सगळी माणसं, नोकर आणि बोर्डर धरून, आहे त्या स्पेलिंगमध्ये उतरवा. नाव सुधारायचा मोह होतो, सुधारू नका. मी उतरवलेल्या एका यादीत गुरांमागच्या पोराचं नाव सोडून दिलं होतं, आपला कोण तो, असं वाटून. दोन वर्षांनी कळलं की त्यानं दहा वर्षांनंतर त्याच घरातल्या धाकट्या मुलीशी लग्न केलं, आणि सासूबाई त्या दोघांच्या वंशातल्या.